पेडवा, तारली आणि माझ्या अंगावरची देवी

सन १९६३. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, त्यातली निम्मी किनाऱ्यावरच गेली. पण मासळी ओळखण्यात आमच्या मालवणच्या वाळूवर माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही लिहून देईन.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. ते वाळूवर आलं की पेडवे आणि तारल्या वेगळ्या करायचं काम माझं. दोन्ही मासे चांदीसारखे, एकाच मापाचे. नवख्याला दोन्ही सारखेच. मी डोळे मिटून सांगायचो. तारली गोल, तेलकट, हातातून निसटणारी. पेडवा चपटा. त्याच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की करवत लागते.

माझी दुसरी मिजास म्हणजे देवी. सहा वर्षांचा असताना मला देवी आल्या होत्या, असं आई सांगायची. कपाळावर दोन आणि पाठीवर सातआठ वण होते. आमच्याकडे अशा माणसाला मान होता. देवीने एकदा बघितलेला माणूस, त्याला ती पुन्हा हात लावत नाही. कोणाच्या घरी देवी आल्या तर आत जाऊन पाणी पाजायचं त्यानेच. तशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, पण मान मी आधीपासून घेत होतो.

शिमग्याच्या आधी थोरला भाऊ मुंबईहून बोटीने आला. तीन दिवसांचा ताप अंगात आणि तोंडावर फोड उठायला लागलेले. पडावातून त्याला उतरवायला कोणी पुढे होईना.

"सरा बाजूक," मी म्हटलं. "माका देवी येवन गेल्यात."

त्याला खांद्यावर घेऊन मी माडाच्या बागेतल्या मांगरात नेलं. मांगर म्हणजे जुनी जाळी आणि सुकी झापं ठेवायची खोप. दारावर कडुनिंब बांधला. देवीला चालत नाही म्हणून घरात आईने फोडणी बंद केली. मी त्याला पेज भरवायचो, अंग पुसायचो, मग समुद्रात बुडी मारून घरी यायचो आणि माझी दोन महिन्यांची पोर मांडीवर घ्यायचो. बुडी मारली म्हणजे झालं, असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी देवी डॉक्टर आला. टोचणाऱ्या सरकारी माणसाला आम्ही तसंच म्हणायचो. घाटावरचा माणूस, खाकी सदरा, बगलेत छत्री, हातात पत्र्याची पेटी. गावात देवी निघाल्याचं कळल्यावर तो घरोघर टोचत फिरत होता. रापणीवर आला तेव्हा मी उघड्या अंगाने मासळी निवडत होतो.

"मांगरात तुम्हीच जाता ना? तुम्हाला देवी काढल्यात का, लस टोचलीय का?"

"माका देवी आपणहून येवन गेली. काढूक कोणाची गरज पडली नाय."

सगळे हसले. तोही हसला, पण माझ्या पाठीकडे बघत राहिला. "या कांजिण्या आहेत," म्हणाला. "देवी नव्हेत."

माझं डोकं सणकलं. मी राशीतला एक पेडवा उचलला, एक तारली उचलली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "ह्यातलो पेडवो खयचो ता आधी सांगा. मगे माझी देवी सांगा."

त्याने दोन्ही मासे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "नाही ओळखत बुवा. दाखवा तुम्ही."

वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला नाही, तेव्हा दाखवणं आलंच. मी त्याचं बोट धरून पेडव्याच्या पोटावरून उलटं फिरवलं. त्याने पटकन मागे घेतलं.

"अरे! म्हणजे वरून बघून चालत नाही तर."

"नाय चलत."

"मग आता माझी पाळी. भावाचे फोड आज पाहिलेत ना? सगळे एका वयाचे आहेत की लहानमोठे?"

"एका वयाचे."

"तोंडावर जास्त की पाठीवर?"

"तोंडावर. हातापायांवर. तळव्यांवर पण."

"बरोबर. देवी एकदम उठतात, एकदम भरतात, एकदम सुकतात. कांजिण्या पाठीपोटावर जास्त, आणि एक सुकतोय तोवर दुसरा उठतो. तुमचे वण बघा. कपाळावर दोन, पाठीवर सातआठ. सगळं उलटं. कांजिण्या येऊन गेल्या म्हणून देवी थांबत नाहीत."

मागून रापणीतला एकजण ओरडला, "अरे, तुझी देवी तारली निघाली मरे!"

मी त्याला एक शिवी दिली आणि देवी डॉक्टरला सांगितलं, "मी टोचून घेणार नाय."

तो पेटी बंद करत हळूच म्हणाला, "भावाला हात लावून तुम्हाला आज तिसरा दिवस. उद्यापर्यंत टोचलं तर बहुतेक निभावेल. तुम्हाला ताप चढला तर घरात सगळ्यात आधी कोणाला लागेल, एवढा विचार करा. घरी लहान मूल आहे, असं ऐकलं."

संध्याकाळी मी घरी गेलो. खळ्यात, म्हणजे अंगणातच, उभा राहिलो. बायको पोरीला घेऊन बाहेर आली आणि नेहमीसारखी माझ्या हातात द्यायला लागली. माझे हात पुढे झाले नाहीत.

"काय झाला?"

"काय नाय. आयेक भायर बोलव."

आई पदराला हात पुशीत आली. मी तिला विचारलं, "गो आये, माका देवी इल्ली तेव्हा फोड एकदम इल्ले काय एकामागसून एक?"

"एकामागसून एक रे. एक सुके तर दुसरो नवो येय. आणि तू कसलो ऱ्हवतंस घरात! चौथ्या दिसाक खेळाक पळालंस."

"मगे देवी कित्याक म्हटलंस?"

"अंगभर फोड इले म्हणान म्हटलंय. तेव्हा कोण होतो सांगणारो? आणि देवी म्हटला तर काय वायट झाला? मान दिलो ना लोकांनी?"

आईला मी एवढंच म्हटलं की देवी डॉक्टरला काही कळत नाही.

त्याच्या म्हणण्याचा पुरावा मिळायला साठ वर्षं गेली. दोन वर्षांमागे माझ्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. कुडाळच्या डॉक्टरने विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?" मी म्हटलं, "देवी आल्या होत्या." बरोबर नात होती, त्याच पोरीची पोर. ती रोगजंतूंचं शिकते. ती गालातल्या गालात हसली आणि घरी येऊन तिने मला पुस्तक वाचून दाखवलं. विषाणूंच्या पोटात काय असतं, त्यावरून त्यांचे दोन मोठे भाग करतात म्हणे. एक डीएनएवाले, दुसरे आरएनएवाले. देवी आणि कांजिण्या दोन्ही डीएनएवाले, पण घराणी निराळी, म्हणून एक येऊन गेली तरी दुसरी अडत नाही. गोवर, गालगुंड, पोलिओ, फ्लू, पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, हे सगळे आरएनएवाले. आणि कांजिण्या न् नागीण हा तर एकच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. ते मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. पेडव्या-तारलीसारखं पोट चाचपून टोपली ठरवायची, यात मला नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की हा पाहुणा पाऊणशेहून जास्त वर्षं माझ्या बरगडीत राहिला आणि मी त्याला देवी म्हणत आलो.

पण त्या संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. मी घरात गेलो नाही. खळ्यात चटई टाकून पडलो. आत पोर रडली की उठून बसायचो आणि पुन्हा पडायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापणीची सगळी माणसं जमायच्या वेळीच मी चटई गुंडाळून वाळूवर गेलो. बायकोला पोरीला घेऊन यायला सांगितलं होतं, माझ्यापासून दहा पावलं लांब. देवी डॉक्टर पेटी उघडून बसला होता. मी बाही वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माका देवीच इल्ली. पण टोचा."

"बरं, देवीच," तो म्हणाला. दातेरी चकती त्याने दंडावर दाबून पिळली. मी तोंड वाकडं केलं नाही. मग पोरीची पाळी आली. ती किंचाळली तेव्हा मात्र मी समुद्राकडे बघितलं. मागे वळलो तर काल मला चिडवणारा बाही वर करून रांगेत उभा होता.

"भाऊ बरा होऊन खपल्या पडेपर्यंत तिकडेच राहा," देवी डॉक्टर म्हणाला. "घरी येऊ नका. बुडी मारूनसुद्धा."

मी मान हलवली. बायकोने पेजेचं मडकं वाळूवर ठेवलं आणि ती मागे सरली. मी ते उचललं, चटई काखेत मारली आणि मांगराची वाट धरली.