बाजारात न आलेला सुगतदादाचा खेळ

जी वस्तू तुम्ही पाहिली नाही, हातात धरली नाही, तिच्याविरुद्ध तुम्ही कधी पत्रक काढलंय का? मी काढलंय. आणि ज्याच्या कामाविरुद्ध काढलं, तो माझा आत्येभाऊ सुगतदादा गेल्या महिन्यात गेला. शहापूरहून आत्याचा फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात भाजी घेत होते. "सुगत गेला वं. तू ये," एवढंच ती म्हणाली. फोन बंद करायचं तिला सुचलं नसावं. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, कुणीतरी पाणी मागत होतं... मीही फोन ठेवला नाही. भाजीवाल्या बाईने दोनदा विचारलं, "घेऊन राहिली का नाही?"

दादाला सिकलसेल होता. आमच्याकडे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त अडतं, आणि सांध्यांत, छातीत, पाठीत कळा सुरू होतात. तहान, थंडी, धावपळ, कुठलंही निमित्त पुरतं. शाळेत खेळाच्या तासाला तो ओट्यावर बसून राहायचा आणि मास्तर म्हणायचे, नाटकं करतो. दुखण्यापेक्षा त्याला हेच जास्त लागायचं. "हात मोडला असता तं प्लास्टर तरी दाखवलं असतं," तो म्हणायचा.

आणि मी? मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवरून. माझे बाबा, म्हणजे दादाचे मामा, करणी, अंगात येणं, गंडेदोरे यांच्याविरुद्ध आयुष्यभर पत्रकं काढत आले. छापून आली की सगळं घर चटईवर बसून घड्या घालायचं. पाहुणा आला तर त्याच्या हातात चहाआधी गठ्ठा. दादाची घडी सगळ्यांत सरळ पडायची, म्हणून पोरं त्याच्या शेजारी बसायला मागत नसत; आपली वाकडी लगेच कळायची.

पुढे तो नागपूरच्या एका छोट्या कंपनीत लागला. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर चालणारे खेळ तिथे बनत. एका परदेशी कंपनीसाठी ते भीतीचा खेळ करत होते: माणूस ओसाड जागी एकटा अडकतो, जवळ फारसं काही नसतं आणि त्याला जिवंत बाहेर पडायचं असतं. त्याची सगळी रचना दादाची. मला फक्त 'भीतीचा खेळ' एवढं ऐकू आलं आणि मी पेटले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, मला सगळंच कळत होतं. भर घरात म्हणाले, "आजोबानं धम्माची दीक्षा घेतली, भुताखेताचं गाठोडं फेकून देल्लं. अन् नातू तेच नागपुरात विकून राहिला!"

दादा हसला. "विकून नाही राहिलो वं नेताबाई, बनवून राहिलो. विकणारे वेगळे."

ते विकणं झालंच नाही. परदेशी कंपनीने मध्येच काम थांबवलं. खेळाचा नमुना तेवढा तयार होता आणि तो चाचणीच्या खास मशीनवरच चालायचा. मशीन सोमवारी परत पाठवायचं होतं. साहेबांना विचारून दादाने ते तीन दिवसांसाठी घरी आणलं, टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर ठेवून. भरदुपारी खिडकीवर गोधडी टांगली आणि त्या अंधारात निम्मं शहापूर खेळून गेलं. लाईट सारखी जायची. नमुन्यात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून. लोक शिव्या घालायचे आणि पुन्हा रांगेत बसायचे.

त्या तीन दिवसांतल्या शनिवारी मी तिथे पोचले. सोबत माझं स्वतःचं पहिलं पत्रक होतं, भीतीचा बाजार करणाऱ्यांच्या निषेधाचं. नाव कुणाचं घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती.

"नेताबाई, एक डाव खेळ. पाच मिनिटं."

"मी भुताले हात नाही लावत, दादा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"यात भूत नाही वं."

"मंग भीती कायची?"

"तेच तं दाखवून राहिलो."

मला ती शब्दांची हुशारी वाटली. मी खोलीचा उंबरासुद्धा ओलांडला नाही. अंगणात चटई टाकली आणि गठ्ठा सोडला. थोड्या वेळाने दादा बाहेर आला, एक पत्रक पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "चांगलं लिहिते तू. थोडी वरडते, पण चांगलं." मग माझ्या शेजारी बसून तो घड्या घालायला लागला. स्वतःच्या कामाच्या निषेधाच्या घड्या... हळूहळू, एकेक बोट मोजून वापरल्यासारखा. त्या दिवशी त्याची घडी वाकडी पडत होती. मला वाटलं, फुगलाय. त्याची बोटं सुजलेली होती, हे मला आत्याने परवा सांगितलं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे दादाच्या स्मरणाच्या वंदनेला, त्याच्यासोबत काम केलेला एक मित्र आला होता. खेळात काय होतं ते त्याच्याकडून कळलं. बंद पडलेल्या धानगिरणीतून एक माणूस चालत घरी निघतो. हत्यार नाही. जवळ पाण्याची बाटली आणि एक शाल. मागून काहीतरी येतंय असा आवाज सतत असतो. पळालं की हातातला कंट्रोलर ठणकायला लागतो, पडदा कडेकडेने काळा होतो, आवाज जवळ येतो. पाणी पिऊन, शाल पांघरून गप्प बसलं की तो लांब जातो. मागे कुणीच नसतं. तो आवाज त्या माणसाच्या रक्ताचा असतो.

परदेशातल्यांनी कळवलं होतं, नायकाला पळू द्या, बंदूक द्या. दादाने सांगितलं, हा पळणार नाही. तिथे खेळ संपला. आमच्या घराण्यात तत्त्वाची मी एकटी, असा माझा समज होता. त्याने आपल्या तत्त्वापायी अख्खा खेळ घालवला. मी माझ्या तत्त्वापायी त्याचं दुखणं पाच मिनिटंसुद्धा हातात धरलं नाही. त्याने आयुष्यभर जे तोंडाने सांगून पाहिलं आणि कुणाला पटलं नाही, ते त्याने माझ्यापुढे धरलं होतं. मी माझं ते पत्रक काल पुन्हा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच जास्त लाज वाटते.

त्या नमुन्याची डिस्क आत्याकडे आहे. साध्या कन्सोलवर ती चालत नाही, मी तीन ठिकाणी लावून पाहिली. नागपूरची ती कंपनीही उठली. पडद्यावर दादाचं नाव कधीच येणार नाही. म्हणून मी आता शहापुरात दारोदार फिरून तो खेळ उतरवून घेते आहे, ज्याला जेवढा आठवतो तेवढा. गिरणी सगळ्यांना आठवते. पुढचा कालवा, बांध, वाकलेला विजेचा खांब, तिथपर्यंतही काही जण पोचलेले आहेत. त्याच्या पुढे मला कुणी भेटलेलं नाही. दादाचा मित्रही सांगतो की शेवट दादाने एकट्याने केला होता आणि तो कुणाला दाखवला नव्हता. मी वही घेऊन परत आले की आत्या रोज विचारते, "पोचला का वं तो घरी?"

त्या तीन दिवसांत शहापूरला आलेले पाहुणे, बसची वाट बघता बघता आत डोकावलेले लोक, आता पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली आमची पोरं... तुमच्यापैकी कुणी विजेच्या खांबाच्या पुढे गेलं असेल, तर या पुरवणीच्या पत्त्यावर मला लिहा. एक ओळ चालेल. आणि तो माणूस घरी पोचत नसेल, तर तसंच लिहा. आत्याला काय सांगायचं ते मी बघेन.