आधी इंजिन, मग पाणी

इंजिन उघडून परत जोडलं की आमच्या शेडमध्ये एक नटसुद्धा उरत नाही. उरतो तो किस्सा. असे इतके साठलेत की आता डबा उपडा करायलाच हवा. मी लिहितेय म्हणून कुणी हसू नका. शाळा मला चौथीपर्यंतच. पण मिठागरावरचा बंद पडलेला पंप मी पदर खोचून एकटीने उघडला आणि चालू केला, तेव्हाही आधी सगळे हसतच होते!

आमची शेड वडखळहून धरमतरकडे जाताना रस्त्याला लागून. पूर्वी मच्छीमार बोटींची इंजिनं यायची. आता अलिबागकडच्या किनाऱ्यांवरच्या वॉटर स्कूटरी येतात, ट्रेलरवर बसून, नवरीसारख्या. बहुतेकींची तक्रार एकच. पोटात पाणी गेलंय, चालू होत नाही.

मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, त्याला पान्याचा कंटाळा. माझ्यामागे शेड कोण बघणार, हा घोर मला खात होता. कारण माझा डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे, आणि मी इंजिन कानाने तपासणारी बाई! हे माहीत होतं फक्त सुनेला. सून वैशाली. कासूकडच्या भातशेतीवाल्यांची. लग्न होऊन आली तेव्हा खाडीच्या पाण्याला पाय लावायला घाबरायची.

*

तिचा पहिला किस्सा चहाचा.

एक तरणा स्कूटरवाला आला. "मावशी, सकाळपासून नुसती मुकी हाय." मी बॅटरी बघितली, प्लग बघितले, पेट्रोल बघितलं. सगळं ठीक. वैशाली चहा घेऊन आली, हातात अजून हिरवा चुडा. कप ठेवता ठेवता विचारते, "दादा, मनगटाला ती लाल दोरी कसली?"

ती दोरी म्हणजे स्कूटरची सुरक्षा. माणूस पाण्यात पडला की दोरीची क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. क्लिप लावलीच नाही तर चालूच होत नाही. साहेबांची क्लिप मनगटाला लोंबत होती!

क्लिप लावली, स्कूटर गुरगुरली. "मावशी, सून मेकॅनिक हाय काय?"

"नाय रे. चहा द्यायला आलेली."

दुसऱ्या दिवसापासून चहा मी करायला लागले.

*

एकाची स्कूटर खाडीत निम्मी बुडाली. ओढून आणली तर पोटात पाणीच पाणी. स्कूटरच्या मागे खालच्या बाजूला दोन बुचं असतात. जमिनीवर असताना ती काढून आतलं पाणी सोडायचं आणि खाडीत घालायच्या आधी घट्ट बसवायची. याची दोन्ही भोकं उघडी.

वैशाली म्हणाली, "बुचं कुठे पडली?"

"पडली नाय गो!" त्याने अभिमानाने खिशातून काढून दाखवली. "हरवतील म्हणून जपून ठेवलीत."

*

उलटलेली स्कूटर सरळ करायची तर एकाच बाजूने फिरवायची. उलट्या बाजूने फिरवली की एक्झॉस्टमध्ये साठलेलं पाणी इंजिनात जातं. कुठल्या बाजूने, ते मागे बाण काढून दाखवलेलं असतं. तरी एकाची स्कूटर एका महिन्यात तीनदा आली. प्रत्येक वेळी इंजिनात पाणी.

"बाण बघत नाय काय रे?" मी ओरडले.

"बाणच नाय मावशी, आईशप्पथ!"

वैशालीने मागे वाकून बघितलं. तिथे भलामोठा स्टिकर. 'आईचा आशीर्वाद'. तिने नखाने हळूच सोलला. खाली बाण!

"आईला वर बसवा," ती म्हणाली, "मागे लटकवू नका."

*

पाणी प्यायलेल्या इंजिनाचा स्टार्टर मारत राहायचा नाही. पाणी काही दाबलं जात नाही, मग आतला रॉड वाकतो. आधी प्लग काढायचे, त्यांच्या वायरी बाजूला करायच्या, भोकांवर जाड फडकं धरायचं, आपण बाजूला उभं राहायचं आणि मग स्टार्टर टिचकी मारल्यासारखा मारायचा. पाणी कारंज्यासारखं बाहेर येतं. हे मी वैशालीला पहिल्या पावसाळ्यात शिकवलं.

एकदा पांढरेशुभ्र कपडे घातलेले एक काका आले. मुलगी बघायला चालले होते, स्वतःसाठी नाही, भाच्यासाठी! स्कूटर त्याच भाच्याची. काकांना सगळ्यात डोकवायची सवय.

"काका, बाजूला व्हा," वैशाली म्हणाली. काका हलले नाहीत. "काका, पाणी उडेल." काकांनी फडकं जरा उचलून आत बघितलं. तिकडून भाच्याने बटण दाबलं.

खारं पाणी आणि काळं तेल, मिशीपासून धोतरापर्यंत!

वैशाली शांतपणे म्हणाली, "बरं झालं काका, डोकावलात. आत पाणी अजून आहे हे कळलं."

*

आता पांडबा. खाडीकाठचा माणूस, हाताखाली चार स्कूटरी, आणि विसर्जनाच्या दिवशी स्वतःची स्कूटर घेऊन पाण्यात राखणीला उभा. कुणी खोल पाण्यात गेला की हा पोचलाच. माणूस सोन्यासारखा, पण वैशालीला पान्याला हात लावू देईना. "मशीन बाईमाणसाचं काम नाय, मावशी."

"मग मी कोण रे?"

"तुमची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? मला शिंगं हायत?"

एकदा मी त्याचं इंजिन चालू करून कान लावला. मला सगळं गोड वाटलं. "ने रे," म्हटलं. तेवढ्यात वैशालीने हात पुढे करून इंजिन बंदच केलं. "आत खरखर आहे. बेअरिंग गंजलंय."

पांडबा तापला. "मावशी ठीक म्हणतात, तू कोण गो?"

म्हटलं, कान गेल्याचं आज चव्हाट्यावर येणार! पण वैशालीने पापणीसुद्धा न लववता सांगितलं, "आई मुद्दाम चुकीचं बोलतात. मी लक्ष देते की नाही, बघायला."

उघडलं तर बेअरिंग लाल. पांडबा म्हणाला, "काय शिकवतात हो मावशी!" आणि तरी जाताना बजावून गेला, "पुढल्या टायमाला तुम्हीच हात लावा."

*

यंदा गौरीजेवणाला मी रोह्याला बहिणीकडे गेले. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, तो कधीच गावाला पोचला होता. नागोठण्याच्या पुढे एसटीत लक्षात आलं, लाल कव्हरचा माझा मोबाईल शेडमध्ये चार्जिंगलाच राहिला. म्हटलं, बरं झालं, एक दिवस शांतता.

परत आले ती गौरी-गणपतींचं विसर्जन आटोपल्यावर. मागोमाग पांडबा पेढे घेऊन हजर. थेट माझ्या पाया पडला!

"मावशी, तुम्ही होतात म्हणून! पावसाळाभर झाकलेली स्कूटर खाडीत काढली नि उलटली. दुसऱ्या दिवशी विसर्जन, आणि इंजिन टक करून थांबतंय. इथे आलो तर तुम्ही रोह्याला. मी म्हटलं, मावशींना फोन लाव, त्या सांगतील तसंच करायचं."

"बरं. मग?"

"मग काय! ही फोन कानाला लावून, 'हो आई, बरं आई'. प्लग काढले, पाणी काढलं. तेल बघते तर पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं, ते दोनदा बदललं. मी मध्येच स्टार्टरला हात लावला तर ही म्हणते, 'आई विचारतायत, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?' शिवी ऐकली नि माझी खात्री पटली. मावशीच!"

वैशाली कोपऱ्यात प्लग पुसत होती. तोच तोच प्लग.

"आणि मावशी, शेवटी मी धुवायच्या नळीचं पाणी आधी सोडलं. लगेच ही ओरडली, 'आई म्हणतायत, नळ बंद कर! आधी इंजिन, मग पाणी!' बंद इंजिनात पाणी सोडलं तर ते परत आत शिरतं म्हणे. रोह्यात बसून तुम्हाला दिसलं कसं हो? विसर्जनाला स्कूटर अशी पळाली! दोघांना बुडता बुडता काढलं मी. तुमच्या कृपेने."

"फोनवर माझा आवाज तू ऐकलास?"

"मला कुठे दिला तिने! पण बोलली ती ह्याच्यावरच की." त्याने फळीवर बोट दाखवलं. लाल कव्हरवर.

मी मोबाईल उचलला, पदराने पुसला आणि वैशालीच्या हातात दिला.

"पांडबा," म्हटलं, "यापुढे मी फोनवरच असणार. गाडी हिच्याकडे आणायची."