मळणी थांबली तेव्हा

इथे जपानमध्ये आमच्या भाषाशाळेमागे टोफूचं दुकान आहे. सकाळी तिथे सोयाबीन उकळतं आणि त्या कच्चट वासाने मी दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतात पोचते.

त्या दिवशी सोयाबीनची मळणी जोरात चालू होती. अंगभर कुटार, शेंगांचा बारीक भुसा, चिकटलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच; पस्तिशीनंतर जपानी शिकू लागले होते; जपानला भाषाशाळेत जाऊन तिथेच नोकरी शोधायचं मनात होतं. बाबांचा होकार तेवढा बाकी होता. पोतं धरून उभी असलेली काकू हसली, "या वयात शाळेत बसतं का वं? तिकडं कोन ठेवते तुले कामाले?"

बाबांनी हात वर केला. "बंद कर रे मशीन."

भरात आलेली मळणी कोणी थांबवत नाही. सगळे बघत राहिले.

"आता बोल जपानीत," बाबा मला म्हणाले.

मी नाव, गाव सांगू लागले. अडखळले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"लाव मशीन," बाबा म्हणाले. "जपानले जाऊन राह्यली पोरगी."

तेव्हा वाटलं, ही माझी परीक्षा होती. पण बाबांना जपानी कुठे कळत होतं? त्यांचं आधीच ठरलं असावं. ते सगळ्यांना ऐकवायचं होतं.

उद्या माझी पहिली मुलाखत आहे. अडखळले, तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन.