गोल न खाल्लेला हंगाम

वसमतच्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात मी गोलकीपर होतो आणि तो माझ्या पुढ्यातला बचावपटू. अंगानं आडवा, चालीनं संथ. चेंडू घेऊन कुणी अंगावर आलं, की दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा बोलायचा, "काहून घाई करून राहिले भाऊ? या निवांत." समोरचा हसायचा, तेवढ्यात चेंडू ह्याच्या पायात असायचा.

त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत आम्ही एकही गोल खाल्ला नव्हता. आमच्या विद्यापीठात हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. अंतिम सामन्यातही आम्ही एका गोलनं पुढे होतो. अगदी शेवटी समोरच्या संघाच्या कप्तानानं मला चकवलं आणि रिकाम्या जाळीकडे चेंडू मारला. मी डोळेच मिटले. उघडले, तर हा गोलरेषेवर पडलेला, ओठ फुटलेला.

"आत गेला का रे?" त्यानं विचारलं.

"न्हाई! बाहेर गेला!" मी ओरडलो.

सामना संपल्याची शिट्टी वाजली. आमची बाकीची पोरं धावत पोचेपर्यंत त्यांच्या कप्तानानंच त्याला खांद्यावर उचललं होतं. मग मैदानाची फेरी दोन्ही संघांनी मिळून घातली.