खोट्यावर घातलेलं गाऱ्हाणं

देवाधर्माच्या बाबतीत मी फार हळवी बाई नाही. महाडला चवदार तळ्याजवळ आमचं नळ, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे आणि पंचवीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. समोरचं गिऱ्हाईक थाप मारतंय की खरं बोलतंय, हे मला पहिल्या वाक्यातच कळतं. म्हणून मी स्वतः मारलेल्या एका थापेबद्दल लिहायला हात उचलत नव्हता. पण ज्यांना ती मारली त्यांच्यासमोर बोलून झालं आहे, तेव्हा लिहायला आता हरकत नाही.

माझं सासर पोलादपूर तालुक्यात, वर कुडपणला. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते. आमच्या दारात ती आली की घरातल्या सुनेने देवीची ओटी भरायची, साडी नेसवायची. सासूबाई होत्या तोवर तो मान त्यांचा होता. त्या गेल्यावर आम्ही दोघी जावांनी वाटून घेतला. एक वर्ष थोरल्या जाऊबाई, एक वर्ष मी. जाऊबाई गावीच शेती सांभाळतात, मी त्यांना ताई म्हणते. या वर्षी मान माझा होता.

आणि त्याच दिवसांत आमचं बँकॉक ठरलं. आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. वसुधाचं औषधांचं दुकान, मंगल शिक्षिका. चार दिवस नवरे नाहीत, स्वयंपाक नाही, नुसतं हिंडायचं, असं आम्ही कित्येक वर्षं बोलत होतो. मंगलच्या सुट्टीकडे बघून तिकिटं काढली. शिमग्याची तिथी कुणी पाहिली नाही. ती मी पाहायला हवी होती. लक्षात आलं तेव्हा जायला आठवडा उरला होता.

"सरळ सांग ना, फिरायला चाललेय म्हणून," मंगल म्हणाली. ते मला जमलं नाही. देवीची ओटी सोडून परदेशात मजा करायला गेली, हे गावात वर्षभर चघळलं गेलं असतं. मग कारण असं हवं होतं की ज्याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मी ताईंना फोन केला.

"ताई, या वेळी ओटी भरायला मला नाही जमणार. अडचण आलीय."

"आता गो? तुझं तर दोन वर्सांमागं बंद झालं म्हनालीस ना?"

मी बावन्न वर्षांची. सुटले एकदाची, असं मीच त्यांना हसत सांगितलं होतं, ते साफ विसरले होते. पण थाप एकदा मारली की माणूस दुसरी तयारच ठेवतो. "झालं होतं बंद. परत आलं."

"ह्या वयात परत आलं म्हंजे बरं नाय. दाखव कुनाला तरी. ओटी मी भरते तुज्या नावानं, तू पडून ऱ्हा."

फोन ठेवताना मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. हे मुद्दाम लिहिते आहे. आमचे हे बाजूलाच होते. ते म्हणाले, "मी पालखीला जाईन. तिथे खोटं बोलणार नाही आणि खरंही सांगणार नाही. तुझं तू बघ."

बँकॉकमधले पहिले दोन दिवस छान गेले. नदीतल्या होड्या, बाजार, कापडाचे ढीग, तिघींचं एकमेकींना चिडवणं. फोटो कुठेही टाकायचे नाहीत, अशी मी दोघींना ताकीद दिली होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गावात आमच्या दारात पालखी यायची त्याच दिवशी, दक्षिण भारतातून गेलेल्या लोकांनी तिथे बांधलेलं देवीचं देऊळ बघायला निघालो. मंगलने टोमणा मारलाच. "गावची चुकवलीस, आता इथली तरी गाठ!" मीही मोठ्याने हसले.

देवळाच्या दाराशी चपला काढायला वाकले आणि मांड्यांशी ओल जाणवली. उन्हाचा घाम असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. दोघी पुढे गेल्या होत्या. तेवढ्यात मागून कुणी तरी माझा कुर्ता ओढला. दाराशी झेंडूच्या माळा विकणारी एक म्हातारी होती. तिने माझ्या पांढऱ्या सलवारीकडे बोट दाखवलं. मी मागे वळून पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिले. दोन वर्षांनी, देवीच्या दारात, मी फोनवर जे सांगितलं होतं ते माझ्या कपड्यांवर होतं.

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. म्हातारीने टोपलीवर झाकलेलं चौकड्यांचं कापड ओढून घेतलं, झटकलं आणि माझ्या कमरेला गुंडाळून घट्ट गाठ मारली. लहान मुलीला नेसवावं तसं. मग माझा हात धरून मला मागच्या गल्लीत तिच्या खोलीत नेलं, न्हाणी दाखवली, पाणी दिलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. मी हाताने 'काही नाही, दमणूक' अशी खूण केली. मैत्रिणींना न सांगता उरलेला दिवस ढकलायचा आणि घरी गेल्यावर विसरून जायचं, असंच मी ठरवत होते. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या रंगवलेल्या केसांची पांढरी मुळं बोटाने दाखवली, मग माझं पोट दाखवलं आणि जोरजोराने मान हलवली. ताई फोनवर जे बोलल्या होत्या, तेच.

तिनेच जाऊन वसुधाला आणि मंगलला शोधून आणलं. वसुधाने सगळं ऐकलं आणि आपल्या दुकानातल्या आवाजात म्हणाली, "दोन वर्षांनी आलं तर ते आलेलं नसतं, काही तरी झालेलं असतं. उतरल्या उतरल्या मुंबईत डॉक्टर. घरी जाऊन येते वगैरे चालणार नाही." मी म्हातारीला पैसे देऊ लागले तर तिने माझी मूठ मिटवली. कापड परत द्यायला गाठ सोडू लागले तर तिने हातावर चापट मारली.

मुंबईत तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात कर्करोगाची अगदी सुरुवात होती. पिशवी काढली, पुढची औषधं लागली नाहीत, फक्त ठरावीक महिन्यांनी दाखवायला जायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. बऱ्याच बायका अंगावर काढतात." अंगावर काढणाऱ्यांतलीच मी.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. ताई शेतीची कामं टाकून महाडला माझ्या उशाशी येऊन बसल्या. पदराच्या गाठीत ओटीतले तांदूळ आणले होते. मला सांगू लागल्या, "पालखी दारात आली तवा गुरवाला सांगून मी गाऱ्हाणं घातलं. म्हनलं, आई, जावेच्या अंगात काय पीडा असंल ती उघड्यावर आन आनि दूर कर. बघ, आनली का नाय!" मला त्या भात भरवत होत्या आणि मी पुढच्या घासाला तोंड उघडत होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "पालखीच्या आठ दिवस आधी हिनं मला फोनवर सांगितलेलं." बाया हात जोडायच्या. हे खिडकीबाहेर बघत बसायचे. पंधरा दिवस माझ्या थापेची कथा माझ्याच घरात, माझ्याच देखत मोठी होत होती आणि मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करत होते.

पालखीची वेळ आणि देवळाच्या दारातली वेळ ताडून पाहावी, असं खूपदा मनात आलं. यांना विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. मला त्यातलं काही सिद्ध करायचं नाही.

प्रवास करायची परवानगी मिळाली तशी मी कुडपणला गेले. ताई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि गिऱ्हाइकाला दर सांगावा तसं एका दमात सगळं सांगून टाकलं. अडचण नव्हती. मी बँकॉकला होते. जे झालं ते तिथे झालं.

त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "तिथं पन देवीचं देऊळ हाय?"

"आहे."

"आनि त्या म्हातारीनं लुगडं दिलं तुला?"

"टोपलीवरचं कापड, ताई."

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तू फिराया गेलीस त्याचं मला काय नाय गो. जायचं. पन मी चार मानसांत देवीम्होरं बोलले. तू माझं तोंड खोटं केलंस. आता ऊठ, गुरवाला बोलावते. जितक्या मोठ्यांदा मी बोलले तितक्या मोठ्यांदा तू बोल."

देवळात गुरव, ताई आणि पाणी भरायला निघालेल्या दोन बायका होत्या. मी मोठ्याने बोलले. दुकानात हमालांवर ओरडताना न फुटलेला आवाज तिथे फुटला. शेवटी काय मागायचं ते सुचेना, तेव्हा एवढंच म्हटलं, की मी खोटं बोलले तरी तू माझं ऐकलंस. आता मी ठरवणार नाही, तू ठेवशील तशी राहीन. गुरवाने नारळ फोडला. बायका घागरी घेऊन पाण्याला गेल्या.

परतताना मी ताईंना विचारलं, "पुढल्या वर्षी मी भरू का ओटी? चुकलेली?"

"का म्हनून? पुढल्या वर्सी मान माझा. तुझा त्याच्या पुढल्या वर्सी." चार पावलं चालून त्यांनी माझा दंड धरला. "तवर नीट ऱ्हा म्हंजे झालं."

ते चौकड्यांचं कापड मी धुऊन, घडी करून, देवीसाठी आणलेल्या साडीखाली ठेवलं आहे. ज्या वर्षी मी देवीला साडी नेसवायची होती, त्या वर्षी एका अनोळखी बाईने मला नेसवलं. त्याचे आभार कुठे पोचवायचे हे मला कळत नाही, म्हणून कपाट उघडलं की हात जोडते. अजून पावणेदोन वर्षं आहेत. तपासणीला जाताना भीती वाटते, पण आता मी देवीशी सौदा करत नाही. तिथी पाहून ठेवली आहे. त्या दिवशी मी कुडपणला असेन, तिने ठेवलं तर.