चाचांच्या नावावर विकलेली गोळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चाचांनी जे कधी म्हटलंच नव्हतं, ते त्यांच्या नावावर सांगून मी काडतुसांचा एक खोका विकला, आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली.

चाचा म्हणजे दुबईतल्या आमच्या बंदुकांच्या दुकानातले सर्वांत जुने कारागीर, मूळचे दापोलीकडचे. बोलणं कमी, पण 'नाही' म्हणायला त्यांना क्षणही लागत नसे. महागडी रायफल खांद्याला लावून कुणी आरशात बघू लागला, की ते शांतपणे म्हणत, "ही तुझ्यासाठी नाही." आणि गिऱ्हाईक स्वस्तातली घेऊन खूश होऊन जाई. त्यातून दुकानात एक रीतच पडली होती. सौदा अडला की आम्ही सेल्समन म्हणायचो, "चाचा बोललेत, चालेल." खलास. पुढे प्रश्न नाही. बहुतेक वेळा आम्ही त्यांना आधी खरंच विचारलेलं असे.

मी पुण्याचा, म्हणून त्यांच्या लेखी मी 'पुणेकर'. जेवणानंतर माझे डोळे मिटू लागले की म्हणत, "पुणेकर, वामकुक्षी काउंटरखाली कर, गिऱ्हाइकासमोर नको." त्यांची साठी उलटली होती. मुलगी मुंबईत फार्मसीला होती, तिची दोन वर्षं राहिली होती. तेवढा एक व्हिसा वाढवून मिळाला, तिचं शिक्षण पुरं झालं की गावी जाणार, हे ते दर आठवड्याला सांगत.

नेमबाजीला आणि शिकारीला मिळून एकच काडतूस कुठलं, हा प्रश्न नेहमीचा. चाचांचं उत्तर ठरलेलं. "तीनशे आठ घे, दोन्हीला चालतं. पण खोके दोन घे. कागदाला नीट भोक पडलं की झालं. जनावराला लगेच मरण यायला हवं. टार्गेटची गोळी सुईसारखी आरपार जाते, शिकारीची आत फुलते." दोन गोळ्यांसाठी दोनदा रायफलवरची दुर्बीण जुळवायचा कुणी कंटाळा केला, की विचारत, "लग्नाच्या बुटांनी चिखलणी करतोस काय रे?"

खलिफा सिटीतला एक तरुण गिऱ्हाईक आफ्रिकेत शिकारीला निघाला होता. दुकानातल्या शिकारीच्या गोळ्या संपल्या होत्या, नवा माल यायला महिना होता, आणि टार्गेटचे खोके धूळ खात पडले होते. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, विचारून येतो. आत जाऊन पाण्याच्या मशीनपाशी दोन मिनिटं उभा राहिलो, एक ग्लास पाणी प्यायलो आणि बाहेर येऊन म्हणालो, "चाचा बोललेत, टार्गेटचा खोका दोन्हीला चालेल."

तीन आठवड्यांनी तो फोनवरचा व्हिडिओ घेऊन आला. काळविटासारखं एक जनावर, पोटातून रक्त गळतंय, मागचे पाय ओढत झुडपांतून चाललंय. मागे माणसं हसतायत. त्याला राग जनावराचा नव्हता, मित्रांसमोर फजिती झाली त्याचा होता. मॅनेजरने त्याच्यापुढे खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ठेवला. मी "सॉरी हबीबी" म्हणत खजुराची ताटली पुढे सरकवत होतो. त्या हाताची मला आजही किळस येते.

चाचांना बोलावलं. ते म्हणाले, "मी असं बोललो नाही. बोलणारही नाही." मग मॅनेजरने मला विचारलं. मी म्हणालो, "चाचांना आठवत नसेल. वय झालंय."

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते आत जाऊन परत कामाला बसले. मॅनेजरने त्यांचा व्हिसा वाढवला नाही.

जायच्या आधी ते मला बर दुबईत भेटले, अब्रातून, म्हणजे खाडीच्या होडीतून, उतरताना. मी नजर चुकवून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. विचारलं ते एवढंच, "पुणेकर, ते जनावर किती वेळ जिवंत होतं रे?"

माहीत नाही, म्हणालो. माहीत होतं. गिऱ्हाइकानेच चिडून सांगितलं होतं, पाऊण तास.

मुलीने कॉलेज सोडलं आणि मेडिकलच्या दुकानात कामाला लागली, असं नंतर त्यांच्या गावच्या एकाकडून कळलं. चाचा गावीच आहेत, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मॅनेजरही अजून तोच आहे, रोज माझ्या समोर बसतो. ते शब्द चाचांचे नव्हते, माझे होते, हे मॅनेजरला, चाचांना आणि त्यांच्या मुलीला सांगायचं देणं माझ्यावर आहे. अजून एकालाही सांगितलेलं नाही.