नऊ सत्तावीसचा चंद्र

हॉटेलात शिरलो की मी आधी घड्याळ शोधतो. भिंतीवर असेल तर त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतो. माझ्या मुलीला ही गंमत वाटते. "बाबा, तुमची कुठे गाडी चुकतेय का?" असं ती विचारते, आणि मी मेनूकार्ड उघडतो. माझी पन्नाशी उलटली. आई जाऊन सहा वर्षं झाली. मुलीला सांगायचं ते इथे लिहितो, कारण तोंडाने सांगायला लागलो की मी गोष्ट आपल्या बाजूने वळवतो, हे मला ठाऊक आहे.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला टेकडीवरच्या चाळीत राहत होतो. आई, बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहीण. आईबाबा दोघेही मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, आणि ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीत नव्हते. मधली दोन वर्षं त्यांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. आईने त्या काळात गणपतीला बोलून ठेवलं होतं की घरधन्याला कायमचं काम लागू दे, एकवीस संकष्ट्या करीन, एकही चुकवणार नाही. दिवसभर फक्त पाणी आणि एकदा काळा चहा. रात्री चंद्र बघून, नैवेद्य दाखवून मगच जेवण. अकरावी संकष्टी झाली आणि बाबांना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं. प्लास्टिकचे डबे बनवणारा छोटा कारखाना होता. उरलेल्या दहा संकष्ट्या आता द्यायच्याच होत्या. देवाने त्याचं काम आधी करून टाकलं होतं.

मी सांगतोय ती अठरावी. फेब्रुवारी महिना होता. मी नववीत होतो. त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले ते दारातूनच म्हणाले, "आज चूल पेटवू नको गो. हाटेलात जाऊया सगळी."

त्यांना त्या दिवशी कारखान्यात कायम केलं होतं. बहिणीने उडी मारली. मसाला डोसा हा शब्द तिने चार वेळा तरी उच्चारला असेल.

"आज चतुर्थी असा," आई म्हणाली.

"मगे काय झाला? चंद्र काय आपल्याच छपरावर उगवता?"

आई हसली. बाबा अशी चेष्टा करत तेव्हा ती हसायचीच, आणि दोन वर्षांत त्यांनी ती फार वेळा केली नव्हती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. चंद्रोदय नऊ सत्तावीस. चंद्र बघून मग निघायचं तर तोवर पोरं पेंगतील, हे तिचं तिलाच पटलं. तिने एका छोट्या डबीत दूर्वा, अक्षता आणि एक उकडीचा मोदक घेतला. बाकीचे मोदक देवापुढे झाकून ठेवले. चंद्र उगवला की हॉटेलातच हात जोडायचे, मोदक मनातल्या मनात दाखवायचा, चार घास खायचे आणि आरती घरी येऊन करायची. देवाशी अशी तडजोड तिने त्याआधी कधी केली नव्हती. केली ती बाबांसाठी.

स्टेशनसमोरच्या उडुपी हॉटेलात शनिवारची गर्दी होती. तिथे टेबल रिकामं व्हायची वाट दारात बघत नसत. जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत. आम्हीही तसेच एका कुटुंबाच्या मागे उभे राहिलो आणि त्यांनी शेवटचा घोट घेतल्याबरोबर बसलो. मी, बहीण आणि बाबा डोसा खायला लागलो. आईपुढे पाण्याचा पेला. तिच्यासाठी राइस प्लेट नंतर सांगायची होती.

"जरा वेळान सांगतो," बाबा वेटरला म्हणाले. वेटरने मान हलवली, आणि पाच मिनिटांनी येऊन पुन्हा विचारलं, "और कुछ?"

आमचे डोसे संपले. बहिणीला उकडायला लागलं म्हणून बाबा तिला घेऊन बाहेर फुटपाथवर गेले. संपात विकलेलं घड्याळ बाबांनी अजून घेतलं नव्हतं, आईकडे कधीच नव्हतं. हॉटेलचं घड्याळ गल्ल्याच्या वर होतं आणि आमच्या टेबलावरून खांबाआड जात होतं. आता टेबलाशी आम्ही दोघंच होतो, आणि आमच्या खुर्च्यांमागे दुसरं एक कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. मी मान वळवली तर माझ्या वर्गातला मुलगा. त्याचे वडील बँकेत साहेब होते. तो पूर्वेला ब्लॉकमध्ये राहायचा आणि शाळेत बुटांना रोज पॉलिश करून यायचा.

"काय रे, तू इथे? झकास!" तो म्हणाला. मग आईकडे बघून हळू आवाजात, "तुझी आई जेवत का नाही? नुसतीच बसलीय."

आईने डबी टेबलावर ठेवली होती. झाकण अर्धं उघडं. आत दूर्वांची जुडी. समोर आमच्या उष्ट्या ताटल्या, आणि मधे ती अंग चोरून बसलेली.

"झालं का हो तुमचं?" त्याच्या आईने विचारलं. आवाज गोड होता. "की अजून काही मागवायचंय?"

"ह्या जरा..." आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "किती वाजले बघून ये रे झिला."

मी उठलो. गल्ल्याजवळ गेलो. नऊला दहा कमी होते. अजून सदतीस मिनिटं. सदतीस मिनिटं त्या मुलाने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं आणि सोमवारी वर्गात सगळ्यांना सांगायचं, हे मला लख्ख दिसलं. मी दारापर्यंत गेलो, बाहेर डोकावल्यासारखं केलं आणि परत आलो.

"साडेनऊ वाजले."

"वाजले?" आईने माझ्याकडे पाहिलं. "चंद्र दिसलो?"

"दिसला. समोरच्या बिल्डिंगच्या वर आहे. इथून नाही दिसणार तुला."

इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. वेळेचं खोटं एक, पण चंद्राचं मी स्वतःहून जोडलं. आईने भिंतीकडे तोंड करून हात जोडले, दूर्वा कपाळाला लावल्या, मोदकावर पदराचं टोक धरून डोळे मिटले. मी वेटरला राइस प्लेट सांगितली. ताट आलं आणि ती जेवली. मान खाली घालून, भराभर. पुरीचा तुकडा तोंडात असतानाच भात कालवत. मला वाटलं, मागे माणसं उभी आहेत म्हणून ती घाई करतेय. दहा मिनिटांत ताट साफ झालं. "भात बरो होतो," एवढंच म्हणाली आणि उठली. त्या मुलाने आमच्या खुर्च्या घेतल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

बाजारातून रमतगमत आम्ही घराकडे निघालो. बाबांनी बहिणीला खांद्यावर घेतलं होतं. टेकडीचा चढ अर्धा चढून गेलो आणि तिने मागे वळून बघितलं.

"आई, चंद्र! बघ ना, आत्ता वर येतोय!"

खाली रेल्वे, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडी. खाडीच्या वर, जमिनीला चिकटलेला, तांबूस, एका बाजूने झिजलेला चंद्र निघत होता. बाबा पुढे होते. ते थांबले नाहीत. आई थांबली. तिने चपला काढल्या, रस्त्यातच हात जोडले. माझ्याकडे बघितलं नाही. घरी येऊन तिने पूर्ण आरती केली, आम्हाला मोदक वाटले. स्वतः घेतला नाही.

जूनमध्ये कारखान्याला कुलूप लागलं. मालकाने माल सुरतेला हलवला असं लोक म्हणत. बाबा चार महिने कायम होते. कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची बाई विचारपूस करायला आली तेव्हा आई तिला म्हणाली, "माझ्या हातसून चतुर्थी मोडली. देवान दिलेला काढून घेतल्यान." मी आतल्या बाजूला अभ्यासाला बसलो होतो. तेव्हा उठून बोलता आलं असतं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

आईने मोजणी परत एकपासून सुरू केली. आणि एक गोष्ट सोडली. काशीला जाऊन लोक एखादं फळ सोडतात, तसं तिने हॉटेलातलं खाणं सोडलं. चहासुद्धा नाही. बाबांना पुढे एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं, कधी असायचं, कधी नसायचं. त्यांनी आम्हाला हॉटेलात परत कधी नेलं नाही, आणि छपरावरच्या चंद्रासारखी चेष्टाही मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही.

दुसऱ्यांबरोबर जाणं मात्र टळायचं नाही. धाकट्या काकांनी मुलुंडला ब्लॉक घेतला तेव्हा त्यांनी सगळ्यांना एसी हॉटेलात नेलं. काचेचे पेले, कापडी रुमाल. आई पाणी घेऊन बसली.

"वयनी, आमच्या पैशाचा जेवण गळ्याखाली उतरत नाय वाटता?" काकू म्हणाल्या.

"तसा नाय गो. माझा सोडलेला असा."

"सोडलेला म्हणजे? आता हाटेलाचापण सोवळा?"

टेबलभर हसू झालं. बाबा हसले नाहीत. त्यांनी आपल्या ताटातला पापड उगाच मोडून त्याचा चुरा केला. मी पनीरची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. माझ्या एका वाक्याने ती हसणारी तोंडं बंद झाली असती. ते वाक्य मी घासाबरोबर गिळलं.

ते मी बोललो बारावीची परीक्षा दिल्यावर, मे महिन्यात, गावाला जाताना. एसटी दिवसाची होती. महाड सोडल्यावर गाडी एका हॉटेलापाशी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर आतल्या खोलीत जेवायला गेले, उतारू बाहेरच्या बाकांवर. बाबा आणि बहीण मिसळ खायला उतरले. आईने घरून घावणे आणि नारळाची चटणी घेतली होती. डबा उघडला तर उन्हाने चटणी आंबली होती आणि तिचं पाणी घावण्यांत मुरलं होतं. तिने वास घेतला, झाकण लावलं, डबा सीटखाली सरकवला. सकाळी पाचला घर सोडलं होतं आणि गाव अजून आठ तास लांब होतं. तिच्या ओठांवर साल धरली होती.

मी खाली उतरून कांदाभजी घेतली. कढईतून नुकतीच काढलेली, कागदात बांधलेली. गाडीच्या बाहेरूनच तिच्या खिडकीशी गेलो. मनात ठरवलं होतं, आज सांगायचंच. दोष माझा ठरला की तिचं सोडलेलं सुटेल, आणि ती ही भजी खाईल.

"आई, मला एक सांगायचंय."

"काय रे?"

"त्या चतुर्थीला, हॉटेलात... साडेनऊ वाजले नव्हते. पावणेनऊच होऊन गेले होते. चंद्रही मी बघितला नव्हता. मी खोटं बोललो. म्हणजे उपास तू मोडला नाहीस. मी मोडला."

तिने खिडकीच्या गजावर हात ठेवला. भज्यांच्या कागदाकडे बघितलं.

"माका ठाऊक होता," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"हाटेलात शिरताना मी घड्याळ बघितलेला. सव्वाआठ. एक डोसो खावक सव्वा तास लागता काय रे?"

"मग जेवलीस कशाला?"

"माका भूक लागलेली."

एवढं ती साध्या आवाजात म्हणाली. नंतर तिचा आवाज खाली गेला. "तू ल्हान होतस. लाजलस, खोटा बोललस. मी काय ल्हान होतंय? तू वाट करून दिलस आणि मी जेवलंय. देव काय तुझ्या खोट्याक फसता?" तिने पदराने ओठ पुसले. "तुझ्या बापाशीक ह्यातला काय सांगू नको. त्येका वाटता घड्याळ पुढे होता."

म्हणजे बाबांना तिने एवढं सांगितलं होतं. त्यात मी नव्हतो. तिची भूकही नव्हती.

मी कागद वर केला. "आई, थोडं तरी खा. सकाळपासून काही नाही पोटात."

तिने मान हलवली. कागद माझ्याकडे ढकलताना तिची बोटं तेलाला लागली. ती तिने तोंडात न घालता खिडकीच्या गजाला पुसली.

"तू खा. थंड होतत," ती म्हणाली आणि पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसली.

हॉटेलातून कंडक्टर दात कोरत बाहेर आला. मी तिथेच उभा होतो. बारावीची परीक्षा दिलेला, मिसरूड फुटलेला मुलगा, आणि मला भूक लागली होती. मी ती भजी खाल्ली. सगळी.